बिनपिंजऱ्याची बाग

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद-भगिनींपुढे दिलेले भाषण)



परदेशी जाऊन आलेल्या बाईला मंडळात बोलायला उभे केले की ती काय सांगणार, हे ऐकणारणींना आधीच ठाऊक असते. रस्ते किती स्वच्छ, दुकाने किती मोठी, आणि आपल्याकडे मात्र सगळे कसे उलटे! तसले काही सांगणार नाही, असे मी चिटणीसबाईंजवळ आधीच कबूल केले आहे. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सिंगापूरला असतात. २०२४ साली आम्ही उभयता महिनाभर त्यांच्याकडे राहून आलो. त्या महिन्यातला एकच दिवस मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे. तो दिवस आम्ही दोघांनी तिथल्या प्राणिसंग्रहालयात काढला. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, म्हणून आम्ही दोघेच निघालो होतो. सूनबाईंनी डब्यात पोळी-भाजी आणि बरोबर एक छत्री दिली होती. छत्री फार उपयोगी पडली, कारण तिथला पाऊस वेळ-काळ पाहत नाही.

माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर सांगलीचे. तेव्हा जनावरे पाहण्याची हौस मला दोन्हीकडून मिळालेली. लहानपणी साताऱ्याहून शाळेची सहल पुण्याला गेली की पेशवे पार्क ठरलेले. तिथे फुलराणीत बसायचे आणि मग गजांना नाक लावून वाघ बघायचा. मुंबईच्या राणीच्या बागेचेही तेच. १८६२ साली सुरू झालेल्या त्या बागेत आपल्या किती पिढ्यांनी पहिला हत्ती पाहिला असेल! वाघ म्हटले की गज, आणि गजांमागे इकडून तिकडे नुसत्या येरझारा, हेच चित्र आपल्या मनात पक्के बसलेले आहे.

सांगलीला आल्यावर कळले की आपला जिल्हा म्हणजे सर्कशीचे माहेरघर. आपल्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी एका इटालियन सर्कशीचे खेळ मुंबईत पाहिले, आणि हिंदी माणसेही हे करू शकतात असे म्हणून १८८० च्या सुमारास स्वतःची सर्कस उभी केली. हिंदुस्थानातली ती पहिली सर्कस. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, तासगावच्या बाजूची कितीतरी माणसे या धंद्यात शिरली. तंबू लागला की आमच्या घरातले सारे लहानथोर सर्कशीला जात. जळत्या कड्यातून सिंहाने उडी मारली की आम्ही हाताची आग होईस्तोवर टाळ्या वाजवीत असू. सिंहाला त्या आगीचे काय वाटत असेल, हे त्या वेळी कुणी विचारीत नसे. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ करण्यास मनाई केली, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. आमच्या पिढीने टाळ्याही वाजवल्या आणि मनाईही पाहिली. ही सारी शिदोरी बरोबर घेऊन मी सिंगापूरच्या बागेत पाऊल टाकले, म्हणून एवढे सांगितले.

ही बाग शहराच्या उत्तरेला मंडाई नावाच्या भागात आहे. खातीब स्टेशनापर्यंत आगगाडी, आणि तिथून पुढे बागेची बस. तीन बाजूंनी सेलेटार तलावाचे पाणी आणि त्यात शिरलेल्या जमिनीवर सुमारे २६ हेक्टरांची बाग. सिंगापूर स्वतंत्र होऊन चारपाच वर्षेही झाली नव्हती, तेव्हा पाणी आणि वीज पुरवणाऱ्या मंडळाचे प्रमुख डॉ. ओंग स्वी लॉ यांच्या मनात आले की तलावाभोवतीची ही राखीव जमीन लोकांच्या विरंगुळ्याला द्यावी. सल्ला द्यायला कोलंबोच्या प्राणिसंग्रहालयाचे लिन डी आल्विस आले, म्हणजे आपल्या शेजारच्या श्रीलंकेचेच गृहस्थ. २७ जून १९७३ रोजी बाग लोकांसाठी उघडली.

आल्विसांनी ठरवले की गज म्हणून लावायचे नाहीत. ही कल्पना मुळात जर्मनीतली. हाम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक नावाच्या जनावरांच्या व्यापाऱ्याने १९०७ साली पहिल्यांदा तशी बाग केली होती. वाघ किती लांब उडी मारतो हे आधी पाहायचे, त्याहून रुंद खंदक खणायचा, त्यात पाणी सोडायचे किंवा तो कोरडा ठेवायचा, आणि अलीकडच्या कडेला झुडपे अशी लावायची की पाहणाऱ्याला खंदक दिसूच नये. म्हणजे पलीकडे वाघ, अलीकडे आपण, आणि मध्ये काही नाही असा भास!

आत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटे आमच्या ह्यांनी माझा हात सोडला नाही. एरवी सांगलीच्या बाजारात दहा पावले पुढे चालणारे हे गृहस्थ! पांढरे वाघ समोर आले तेव्हा हे हळूच म्हणाले, “अगं, याला खंदक माहीत आहे ना?” मी हसले खरी, पण माझीही नजर खंदकच शोधीत होती. या पांढऱ्या वाघांचे मूळ आपल्याकडचे, हे ऐकून तुम्हांलाही गंमत वाटेल. १९५१ साली रीवा संस्थानच्या महाराजांनी ‘मोहन’ नावाचा पांढरा बछडा पकडला. जगभरच्या बागांतले बहुतेक पांढरे वाघ त्याच्याच वंशातले. ही काही वाघाची वेगळी जात नव्हे. हा रंगाचा एक दुर्मिळ प्रकार, आणि तो टिकवण्यासाठी जवळच्या नात्यातच जोड्या लावाव्या लागल्या. नात्यातल्या नात्यात लग्ने केल्यावर काय होते, ते आपल्याला सांगायला नको.

पुढे ‘नाजूक अरण्य’ अशा अर्थाच्या नावाचे एक मोठे जाळीदार दालन आहे. दोन दारे ओलांडून आत गेले की आपणच त्या प्राण्यांच्या घरात येतो. डोक्यावर भली मोठी वटवाघळे उलटी लटकलेली, पायाशी मांजराएवढे हरीण, आणि वाटेच्या कठड्यावर लेमूर नावाचे माकडासारखे प्राणी ऐसपैस बसलेले. एक वटवाघूळ माझ्यापासून हातभर अंतरावर पपईची फोड खात होते. आपल्याकडे घरात वटवाघूळ शिरले की केवढी धावपळ होते! इथे ते निवांत जेवत होते आणि मी निवांत पाहत होते. त्याचा चेहरा कोल्ह्यासारखा लांबट आणि मोठा सालस असतो, हे मला पासष्टी ओलांडल्यावर समजले.

पण ज्यांच्यापाशी आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलो ती वनमानुषे. त्यांना तिकडे ‘ओरांग उतान’ म्हणतात. मलायी भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे अरण्य, तेव्हा आपला ‘वनमानुष’ हा शब्द त्याच अर्थाचा. सुमात्रा आणि बोर्निओ या दोन बेटांवाचून ती आता जगात कुठेच रानात आढळत नाहीत. इथे ती चालणाऱ्यांच्या डोक्यावरच्या झाडांतून आणि दोरखंडांवरून या फांदीची त्या फांदीवर हिंडत असतात. एक आई पोराला पोटाशी घेऊन वर बसली होती. त्यांची आई सात-आठ वर्षांतून एकदाच वीत असते. तितकी वर्षे पोर तिच्याजवळच राहते, कोणते फळ खावे, घरटे कसे बांधावे हे शिकत. तिथला सेवक इंग्रजीत हे सांगत होता. ऐकणाऱ्या साऱ्या बायकांनी एकदम वर पाहिले. त्यांत चिनी होत्या, मलायी होत्या, तामिळ होत्या. भाषा वेगळ्या, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा भाव एकच होता.

या बागेची आह मेंग नावाची एक वनमानुषी सबंध सिंगापूरची लाडकी होऊन गेली. एका कुटुंबाने तिला बेकायदा पाळले होते. १९७१ साली तिला तिथून सोडवले आणि पुढे ती बागेत आली. पाहुणे तिच्याबरोबर न्याहारी करीत. ८ फेब्रुवारी २००८ रोजी ती गेली तेव्हा तिला निरोप द्यायला हजारो माणसे जमली होती. पुढे २०१६ साली तिचे नाव तिच्याच नातीला दिले. आजीचे नाव नातीला ठेवण्याची रीत आपलीच, ती तिकडे पाहून बरे वाटले.

दुसरी गोष्ट इनुका नावाच्या पांढऱ्या अस्वलाची. ते बर्फातल्या जातीचे, पण जन्मले विषुववृत्तापाशी, याच बागेत, १९९० साली. उष्ण कटिबंधात जन्मलेले ते पहिलेच धृवीय अस्वल. त्याच्यासाठी गार हवा आणि गार पाणी अशी सारी सोय होती. तरीही बागेने पुढे ठरवले की यानंतर असे अस्वल आणायचे नाही. २०१८ साली इनुका गेले आणि ते दालन तिथे संपले. लोकांना आवडते म्हणून काहीही ठेवायचे नसते, हे त्या लोकांना उमगले. समुद्रसिंहाचा खेळ मात्र अजून होतो, आणि खरे सांगते, आम्ही दोघांनी तो पाहिला आणि टाळ्याही वाजवल्या. सर्कशीच्या मुलखातली माणसे आम्ही!

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर तलावाच्या काठी बसून आम्ही डबा उघडला. तेव्हा हे म्हणाले, “गज काढले म्हणून अडसर गेला असे नाही. तो फक्त आपल्याला दिसेनासा केला. वाघाला तो रोज दिसतोच.” आमचे हे सारी हयात साखर कारखान्यात हिशेबनीस होते. जमाखर्चात न दाखवलेली रक्कम त्यांना लगेच खुपते. त्यांचे ते बोलणे माझ्या मनात राहिले, पण त्याचा पुरता अर्थ मला सांगलीला परत आल्यावर कळला. तो समजावला आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी.

मावशी मूळच्या चांदोलीच्या जंगलातल्या. आज जिथे राष्ट्रीय उद्यान आहे तिथे त्यांचे गाव होते. वारणेचे धरण झाले, १९८५ साली जंगल अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि या साऱ्यात आतली गावे एकामागून एक उठली. तिकडे साताऱ्याच्या बाजूला कोयनेच्या खोऱ्यात माझ्या लहानपणापासून तीच हकिगत ऐकत आलेली. मावशी आता वारणेच्या खालच्या अंगाला एका वसाहतीत राहतात आणि मुलाच्या नोकरीमुळे सांगलीत खोली घेऊन असतात. मी त्यांना फोनवरचे फोटो दाखवीत होते, ही बाग, हे वाघ, ही वनमानुषे. त्यांनी कणीक मळता मळता सगळे पाहिले. मला वाटले, आता म्हणतील की केवढी नवलाई! त्यांनी विचारले, “बाई, ह्या जनावरांस्नी जागा बरी दिलीया का? पाणी बारमाही हाय?”

मी म्हटले, “हो, पुष्कळ पाणी आहे, झाडे आहेत.”

“आन् खायाला येळच्या येळी?”

“हो, तेही आहे.”

मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “आन् त्येंचं मूळचं रान? तितं आता कोण ऱ्हातंय?”

भगिनींनो, सबंध दिवस मी त्या बागेत हिंडले, सेवकांना दहा प्रश्न विचारले, पण हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता. तो सुचायला स्वतःचे गाव उठलेले असावे लागते. मी त्याचे उत्तर शोधले, तेव्हा ते आपल्याच स्वयंपाकघरात निघाले. वनमानुषांचे रान तोडून सुमात्रा-बोर्निओत जे लावले जाते त्यात मोठा वाटा तेलाच्या ताडाचा आहे. जगातले ऐंशी टक्क्यांहून अधिक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येते, आणि त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपण, म्हणजे भारत. आपल्या बिस्किटात, फरसाणात, साबणात, वनस्पती तुपात ते असते. बाजारचा चिवडा ज्या तेलात तळला जातो तेही पुष्कळदा तेच. एवढ्यावरून उद्यापासून पामतेल बंद, असा ठराव मी मांडणार नाही. एका एकरात पामचे जेवढे तेल निघते त्याच्या पासंगालाही आपला भुईमूग किंवा सूर्यफूल पुरत नाही. ते सोडून दुसरे घेतले तर दुसरीकडे त्याहून अधिक जमीन लागेल. पण पुड्यावरचे बारीक अक्षर वाचावे, विकतचे तळण थोडे कमी करावे, आणि दिवाळीचा फराळ आपल्या घाण्याच्या तेलात करावा, इतके तर आपल्या हातात आहे. वनमानुष पाहून ‘किती गोड’ म्हणणाऱ्या बाईने एवढे तरी करायला हवे.

हे झाले परक्या रानाचे. आपल्या रानाचे काय? कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी असा चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. २०१२ साली कास, कोयना आणि चांदोली यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. या जंगलात नर वाघांचे फोटो कॅमेऱ्यांत मिळत होते, पण वाघाचा संसार म्हणावा तर मादी हवी. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणली. आधी तिला कुंपणाच्या आत ठेवले, नव्या जागेची सवय होऊ दिली, आणि मग दार उघडून तिला तिच्या मर्जीने रानात जाऊ दिले. मंडाईच्या बागेत कितीही झाडे लावली तरी हे शेवटचे दार तिथे उघडता येत नाही. ते आपल्याकडे उघडता आले, याचा मला फार आनंद झाला.

ती बातमी मी मावशींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “कोणत्या बाजूला सोडली?” मी वाचलेले सांगितले. त्यांना ती जागा माहीत होती. तिथल्या ओढ्याला उन्हाळ्यात कुठे पाणी राहते तेही त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, “जगू दे बिचारी. मग आमचं उठणं वाया गेलं न्हाई म्हनायचं.” आणि लगेच पुढे म्हणाल्या, “पन आमच्या काही लोकांस्नी जमिनी मिळायच्या ऱ्हायल्यात, ते बी कुनी तरी वाचून दाखवा.”

आमच्या ह्यांचा न दाखवलेला खर्च तो हाच. सिंगापूरच्या बागेत खंदक झुडपांमागे लपवला आहे. आपल्या जंगलाची किंमत ज्यांनी भरली ती माणसे आपल्या रोजच्या व्यवहारामागे लपली आहेत. ती आपल्याकडे पोळ्या करतात, बाजारात तांदूळ आणि नाचणी विकतात, उसाच्या फडात राबतात. वाघीण आली म्हणून आपण पेढे वाटतो, आणि त्या वाघिणीला ज्यांनी जागा करून दिली त्यांना आपण त्यांच्या गावाचे नावसुद्धा विचारीत नाही.

आपल्याकडे काहीच चांगले होत नाही, असे मात्र समजू नका. सागरेश्वर आपल्या डोळ्यांसमोर उभे आहे. देवराष्ट्रे गावाजवळचे ते उघडेबोडके डोंगर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी लोकांना बरोबर घेऊन हिरवे केले. तिथे सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले, आणि १९८५ साली ते अभयारण्य झाले. माणसांनी लावलेले अभयारण्य म्हणून त्याची ख्याती आहे. त्याला कुंपण आहे, आणि तरीही हरणे बाहेर पडून शेजारच्या शेतकऱ्यांचे उभे पीक खातात. म्हणजे किंमत तिथेही कुणीतरी भरतेच आहे. ती कोण भरते हे माहीत असले म्हणजे हरणे पाहताना माणूस जरा नम्रतेने पाहतो.

आता शेवटच्या दोनतीन गोष्टी मंडळापुढे ठेवते. पहिली, येत्या हिवाळ्यात मंडळाची सहल सागरेश्वरला आणि जमल्यास चांदोलीला काढावी. मणदूरच्या बाजूने आत जाता येते. पावसाळ्यात जंगल बंद असते, तेव्हा थंडीतच जावे. बरोबर वेफरच्या पिशव्या नेऊ नयेत, आणि वानरांना चणे-फुटाणे घालू नयेत. महाबळेश्वराच्या वाटेवर आपण पुण्य म्हणून ते करतो, त्याने वानरे रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात. सिंगापूरला खायला घालणाऱ्यास लगेच हटकतात. इथे आपणच आपल्याला हटकावे.

दुसरी, परतताना एखाद्या वसाहतीत थांबावे. वाटले तर तिथल्या भगिनींकडून मंडळाच्या विक्रीकेंद्रासाठी नाचणीचे पापड, तांदूळ, मध असे जे त्यांच्याकडे असेल ते रोख पैसे देऊन घ्यावे. आणि ज्यांच्या जमिनीचे कागद अडले आहेत त्यांचे अर्ज लिहून द्यायला आपल्यातल्या निवृत्त शिक्षिकांनी दोन तास बसावे. आपल्यापैकी कितीजणींचे अक्षर सुरेख आहे, ते हळदीकुंकवाच्या आमंत्रणांवरून मला ठाऊक आहे!

तिसरी, मावशींना मी विचारून ठेवले आहे. सहलीला त्या येतील आणि वाट दाखवतील. त्यांच्या परड्यात एक फणस होता, तो अजून आहे का, तेवढे कुणी पाहून आले तर बरे, असे त्या म्हणाल्या. राष्ट्रीय उद्यानात असे कुठेही शिरता येत नाही, त्याला परवानगी लागते. ती मागण्याचे काम चिटणीसबाईंनी अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.